बाबा व्हेंटिलेटरवर आहेत, डॉक्टर स्टेरॉइड देतो म्हणतात. देऊ द्यावं का?

कपाशीवाला | मंगळवार, रात्री ९:१०

मंडळी, इथे मी आजवर पावसावर आणि कापसाच्या भावावरच लिहिलंय. आज वेगळं लिहावं लागतंय. शक्य तितक्या लवकर उत्तर द्या.

बाबा ६४ वर्षांचे. गाव पांढरकवडा तालुक्यात. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ताप आला. तीन दिवस गावातच सलाईन-इंजेक्शन झालं. चौथ्या दिवशी बोलताना वाक्य पुरं होईना. १०८ बोलावली. तालुक्याच्या दवाखान्यात बोटाला चिमटा लावला तर ऑक्सिजन ७८. तिथून वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात. मी पुण्याहून पोचलो तोवर नळी टाकलेली होती.

दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, कागदावर 'एआरडीएस' लिहिलंय (फुप्फुसांत पाणी झिरपून ऑक्सिजन घेता येत नाही, ते), पीएफ रेशो ११८ (फुप्फुस ऑक्सिजन किती घेतंय त्याचा आकडा, जितका कमी तितकं वाईट). बीपी टिकावं म्हणून पंपातून औषध चालू आहे. स्वाइन फ्लू, स्क्रब टायफस, क्षय, तिन्ही तपासण्या निगेटिव्ह. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, हायड्रोकॉर्टिसोन सुरू करायचंय, दर सहा तासांनी ५० मिलिग्रॅम. स्टेरॉइड आहे, तुम्हाला सांगून ठेवतो.

स्टेरॉइड हा शब्द ऐकला आणि काका बाकावरून उठूनच उभे राहिले. २०२१ साली शेजारच्या गावातल्या एका मास्तरांचा जबडा काढावा लागला होता, काळ्या बुरशीने. काका म्हणतात, लिहून दे, आम्हाला ते औषध नको. डॉक्टर म्हणाले अकरा वाजेपर्यंत सांगा, फार वेळ नाही.

काय करू?

---

संपादक | रात्री ९:१८

धागा वर ठेवला आहे. सर्वांना विनंती: काढे, नस्य, वाफ वगैरे इथे नको. आणि इथे वाचलेला डोस कुणीही घरी वापरायचा नाही.

---

रात्रपाळी | रात्री ९:२६

मी आयसीयूतच काम करतो, विदर्भातच, पण तुमच्या दवाखान्यात नाही. त्यामुळे पेशंट न पाहता बोलतोय हे धरून चाला.

जे सांगितलंत त्यावरून डॉक्टरांचं म्हणणं मला रास्त वाटतं. न्यूमोनिया इतका वाढलेला, त्यात बीपीचं औषध चालू, आणि त्यांनी फ्लू व क्षय आधी तपासून घेतलेत. घाईत इंजेक्शन ठोकणारा माणूस हे करत नाही. २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला, हा मोजका डोस आहे. मास्तरांचं काय झालं ते नंतर बोलू, आधी तीन प्रश्न:

साखर किती आहे? घरात कुणाला सिकलसेल किंवा क्षय? बाबा रोजची कोणती औषधं घेतात?

---

कपाशीवाला | रात्री ९:३४

साखर आज २४०. आधी कधी तपासलीच नव्हती. सिकलसेल नाही, क्षय नाही. औषध काहीच नाही, बीपीची गोळीसुद्धा नाही. गुडघ्यासाठी बाजाराच्या दिवशी पुडी आणतात तेवढंच.

---

रात्रपाळी | रात्री ९:३५

थांबा. कसली पुडी? किती दिवसांपासून?

---

कपाशीवाला | रात्री ९:५२

आईला फोन लावला होता. दोन वर्षं झाली म्हणते. बाजारात एक जण बसतो, तो 'वाताची पुडी' देतो. दहा रुपयाला एक. कागदात तीन गोळ्या: एक बारकी पांढरी, एक गुलाबी, एक पिवळी. रोज सकाळी चहासोबत. बाबा म्हणायचे, ही घेतली की डवरणीला माणूस लागत नाही. ताप आला त्या दिवसापासून तोंडाला चव नव्हती म्हणून पुडी बंद होती.

आणखी एक. दिवाळीत आलो तेव्हा बाबांचा चेहरा मस्त भरला होता. आम्ही सगळे म्हणालो, अंगी लागलं. हातांवर मात्र जांभळे डाग होते, जरा घासलं की पडायचे.

---

औषधवाला | रात्री ९:५५

माझं मेडिकल आहे तालुक्याला. रंगावरून गोळी ओळखणं खरं नव्हे, पण गुडघ्याच्या पुडीत बारकी पांढरी म्हटली की माझ्या मनात पहिलं नाव येतं डेक्सामेथासोन, दुसरं प्रेडनिसोलोन. दोन्ही स्टेरॉइडच. सोबत एक दुखण्याची, एक अ‍ॅसिडिटीची. बाजारातल्या पुडीवाल्याचं औषध दुसऱ्या दिवशी 'लागू पडतं' ते यामुळे. भरलेला चेहरा, हातावरचे डाग, वाढलेली साखर. भाऊ, हे सगळं एकाच गोळीचं काम दिसतंय.

---

रात्रपाळी | रात्री १०:०२

कपाशीवाला, आता हा धागा बंद करा आणि आधी आयसीयूच्या दारात जा. ड्युटीवरच्या डॉक्टरांना एवढंच सांगा: "बाबा दोन वर्षं रोज स्टेरॉइड असलेली पुडी घेत असावेत आणि ती आठवड्यापासून बंद आहे." पुढचं ते समजतील. काकांना मी इथे समजावतो, त्यांना मोबाइल दाखवा.

काका, आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. ती रोज स्वतःचं स्टेरॉइड बनवते, कॉर्टिसॉल. दुखणं मोठं आलं की कितीतरी पट जास्त बनवते. त्यावर बीपी टिकतं. आता असं समजा की कॅनॉलचं पाणी दोन वर्षं रोज फुकट येतंय. विहिरीवरची मोटार कोण चालवतो? ती गंजते. पुडी हा कॅनॉल होता. तो बंद पडला नेमका त्या आठवड्यात, जेव्हा पाण्याची सगळ्यात जास्त गरज होती. मोटार बटण दाबल्याबरोबर चालू होत नाही, कित्येकदा महिने लागतात.

म्हणजे प्रश्न आता 'स्टेरॉइड द्यायचं का' असा राहिलेलाच नाही. पुडीत खरंच ते असेल, तर न देणं धोक्याचं आहे. बीपी न टिकण्यामागे जंतू आहेतच, हेही कारण असू शकतं.

---

कपाशीवाला | रात्री ११:२०

सांगितलं. ड्युटीवरच्या मॅडम दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "हे दोन दिवस आधी कळायला हवं होतं." बरोबरच आहे. दाखल करताना विचारलं होतं, औषध चालू आहे का, आणि काकांनी 'नाही' सांगितलं. पुडीला औषध कोण म्हणतं?

पहिलं इंजेक्शन १०:४० ला गेलं. काका बाहेर बाकावर बसलेत. काही बोलत नाहीत.

---

मुक्काम_अकोट | बुधवार, सकाळी ७:१५

रात्रीचं सगळं आत्ता वाचलं. बाबांना आराम पडो. पण काकांच्या भीतीला कुणी वेडं म्हणू नका.

माझ्या मामांचा डावा डोळा २०२१ च्या मे महिन्यात काढला. दुसऱ्या लाटेत पॉझिटिव्ह आले, ऑक्सिजन ९७, नुसता ताप. व्हॉट्सॲपवर फिरणारी एक चिठ्ठी होती, त्यात पहिल्या दिवसापासून स्टेरॉइडच्या गोळ्या. मामांनी त्या वीस दिवस घेतल्या. मधुमेह होताच. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर ४६०, गालावर सूज आणि नाकात काळी खपली. काळ्या बुरशीवरच्या अ‍ॅम्फोटेरिसिनसाठी आम्ही अकोला, अमरावती, नागपूर एक केलं. त्याच महिन्यात वर्ध्याच्या एका कारखान्यात ते बनायला लागलं अशी बातमी आली. आम्ही टाळ्या वाजवायच्या मनःस्थितीत नव्हतो.

म्हणून विचारतो, डॉक्टरसाहेब. तेच औषध तिथे डोळा घेतं आणि इथे जीव वाचवतं, हे आमच्यासारख्याने समजून कसं घ्यायचं?

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी २:४०

ड्युटी संपवून लिहितोय, जरा लांबेल.

मामांना जे दिलं गेलं ते चूकच होतं, आणि ते चूक आहे हे तेव्हा छापून आलेलं होतं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निकाल १६ जून २०२० रोजी जाहीर झाला. २,१०४ कोविड रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस. ४,३२१ जणांना नेहमीचे उपचार. व्हेंटिलेटरवर असलेल्यांतले २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांत २६.२ वरून २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांच्यात १४ टक्के मृत्यू नेहमीच्या उपचारांवर, १७.८ डेक्सावर. हा शेवटचा फरक आकडेशास्त्राने पक्का ठरत नाही, पण फायदा नाही एवढं तर स्पष्ट होतं. तुमचे मामा या तिसऱ्या गटातले. व्हॉट्सॲपने पहिली ओळ उचलली, तिसरी सोडली. १० दिवसांचे २० केले. साखर कुणी पाहिली नाही.

असं का होतं? तुमच्याकडे रानडुकरांचा त्रास आहे ना? समजा तुरीत दोन डुकरं शिरली. गावातली पन्नास पोरं काठ्या घेऊन धावली. डुकरांनी चार झाडं मोडली, पोरांनी एकरभर तूर तुडवली. एआरडीएसमध्ये हेच होतं. जंतूमागे धावलेल्या पेशी वायुकोशांच्या भिंतीच फोडतात, आत पाणी-प्रथिनं झिरपतात आणि फुप्फुस भिजलेल्या कापसासारखं जड होऊन खाली बसतं. स्टेरॉइड म्हणजे पोरांना मागे बोलावणारी हाक. पण डुकरं अजून शेतात असतील आणि अँटिबायोटिकची बंदूक नसेल, तर ती हाक घातक. आणि जिथे पोरं धावलीच नाहीत, तिथे हाक मारून काय मिळवायचं? उलट राखण करायला असलेली चार पोरंही घरी जातात. मग बुरशी शिरते.

---

शंकेखोर | बुधवार, दुपारी ३:३०

उपमा छान. पण डॉक्टर, तुमच्याच क्षेत्रात या औषधावरून किती वर्षं वाद चाललाय तेही सांगा. एका पिढीने भरभरून दिलं, दुसरीने बंद केलं, तिसरी पुन्हा देतेय. आम्ही कुणावर विश्वास ठेवायचा?

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री १०:०५

मान्य. लपवण्यासारखं काही नाही.

कॉर्टिसोन माणसाला पहिल्यांदा दिलं १९४८ साली, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये, संधिवाताच्या एका बाईंना. (नागपूरच्या मेयोचा याच्याशी काही संबंध नाही, दर वर्षी कुणीतरी विद्यार्थी विचारतोच.) अंथरुणाला खिळलेल्या बाई काही दिवसांत चालायला लागल्या. हेन्च, केंडल आणि राइखस्टाइन यांना १९५० साली नोबेल. म्हणजे गुडघे धरलेला माणूस दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागतो, हा पुडीवाल्याचा चमत्कार मूळचा नोबेलवाल्यांचाच. दुष्परिणाम त्यांना लवकरच दिसले. पुडीवाल्याला दिसत नाहीत, कारण तो पुढच्या बाजारात दुसऱ्या गावी असतो.

एआरडीएसचं पहिलं नीट वर्णन १९६७ चं, बारा रुग्णांचं. ऐंशीच्या दशकात तर्क असा होता की आग मोठी तर पाणीही मोठं: किलोमागे ३० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, दिवसातून चारदा. १९८७ मध्ये निकाल आला, उपयोग शून्य. मग २००६ ची अमेरिकन चाचणी, १८० रुग्ण, आजार सुरू होऊन आठवडा उलटलेले. एकूण मृत्यू तेवढेच, आणि ज्यांना दोन आठवड्यांनंतर सुरू केलं त्यांच्यात उलट जास्त. त्यावेळी मी शिकत होतो. आमचे सर राउंडला म्हणायचे, एआरडीएसमध्ये स्टेरॉइड लिहिणाऱ्याने कारण लिहावं, न लिहिणाऱ्याने काही लिहायची गरज नाही.

मग २०२० मध्ये स्पेनमधून २७७ रुग्णांची चाचणी. डोस बेताचा (डेक्सा पाच दिवस २०, मग पाच दिवस १० मिलिग्रॅम) आणि सुरुवात लवकर. साठ दिवसांतले मृत्यू ३६ टक्क्यांऐवजी २१. त्याच वर्षी रिकव्हरी. २०२३ मध्ये फ्रान्सची चाचणी, गंभीर न्यूमोनिया, जवळपास ८०० रुग्ण, तुमच्या बाबांचाच डोस: २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन. मृत्यू ११.९ वरून ६.२ टक्के. त्यात फ्लूचे रुग्ण घेतले नव्हते, म्हणून बाबांचा फ्लूचा रिपोर्ट महत्त्वाचा होता. पण आधीच शॉकमध्ये (म्हणजे बीपी पडलेले) असलेलेही त्यात घेतले नव्हते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. बीपी पडलेल्यांवरच्या २०१८ मधल्या दोन मोठ्या चाचण्यांत एकीत जीव वाचले, दुसरीत नाहीत. बीपीचं औषध मात्र दोन्हीत लवकर सुटलं. आणि फ्रान्ससारखाच फायदा नंतरच्या एका मोठ्या चाचणीत दिसला नाही.

तर विश्वास कुणावर? माझं मत विचाराल तर पिढ्या भांडत होत्या त्या औषधावरून नव्हे. डोस, दिवस आणि रोगी वेगवेगळे होते, नाव एकच होतं.

---

धुऱ्यावरचा | गुरुवार, सकाळी ६:२०

डॉक्टरसाहेब, माह्या साळ्यानं दोन वर्सांपयले तननाशक पेलं होतं, पॅराक्वाट का काय म्हन्तेत ते. त्याच्या बी फुप्फुसाले झालं होतं. त्यायनं बी स्टेराड देल्लं, मोठ्ठाल्या सुया देल्ल्या. अन् ऑक्सिजन मात्र लावून नाई रायले होते. आम्ही लय भांडलो तथी, सिस्टरच्या अंगावर गेलो. पोरगं गेलं अकराव्या दिवशी. आता तुमचं वाचलं त इचारा लागते, ते काहून तसं करत होते?

---

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ८:१०

भाऊ, वाईट वाटलं. पॅराक्वाटचं विष फुप्फुसात जमतं आणि ऑक्सिजन मिळाला की आणखी भडकतं. म्हणून अगदी नाइलाज होईपर्यंत ऑक्सिजन टाळतात. ते बरोबर वागत होते, पण तुम्हाला कुणी बसून सांगितलं नाही, तेवढं चुकलं. स्टेरॉइड आणि सोबत कॅन्सरमधलं एक औषध त्यात अनेक वर्षं देत आले. श्रीलंकेत नीट चाचणी झाली, फायदा दिसला नाही. त्यात पोरं दंगा करत नसतात, शेतातच तेजाब ओतलेलं असतं.

---

धुऱ्यावरचा | गुरुवार, सकाळी ८:२५

बरं. हे आता बायकोले वाचून दाखवतो. तिच्या मनात अजून हाय का ऑक्सिजन न लावल्यानं भाऊ गेला.

---

मोगरा | गुरुवार, दुपारी ४:००

मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, एकोणीस वर्षं. डॉक्टर लोक चाचण्या सांगतात, औषध दिल्यावर रात्री काय होतं ते मी सांगते.

कपाशीवाला दादा, साखर वर जाईल. इन्सुलिनचा पंप लावतील, सिस्टर तासा-दोन तासांनी बोट टोचेल. बोटं काळी पडली म्हणून घाबरू नका आणि तिच्यावर ओरडू नका. ती टोचते म्हणून मामांसारखं होत नाही. आम्ही तोंड धुतो तेव्हा टॉर्च मारून टाळू बघतो, नाकपुडी बघतो. २०२१ नंतर हे हाताला लागलेलं वळण आहे.

दुसरं, पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून इंजेक्शन असेल. तिसरं, जंताचं औषध विचारून घ्या. आपल्याकडे शेतात अनवाणी चालणाऱ्यांच्या आतड्यात एक बारीक जंत वर्षानुवर्षं गप्प असतो, स्टेरॉइड मिळालं की तो अंगभर पसरू शकतो. आमचे सर गरज वाटली तर आयव्हरमेक्टिन आधीच देतात.

आणि नळी निघायच्या सुमारास बाबा वेडंवाकडं बोलतील. शिव्या देतील, ओळखणार नाहीत. ते त्यांचं बोलणं नसतं. काही आजाराचं, काही झोपेच्या औषधांचं, काही स्टेरॉइडचं. भेटायला जाल तेव्हा चष्मा लावून द्या आणि वार सांगा. "बाबा आज गुरुवार आहे, पाऊस नाही." एवढंच.

---

कपाशीवाला | शुक्रवार, रात्री ८:४५

अपडेट. बुधवारी दुपारी बाबांना पालथं झोपवलं होतं. सहा माणसं लागली: एक डोक्याशी नळी धरून, बाकी दोन्ही बाजूंनी. काचेतून पाहू दिलं. सोळा तास तसेच. गुरुवारी सकाळी सरळ केलं तेव्हा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता, कपाळावर उशीची शिवण उमटली होती. पीएफ रेशो १७६ झाला.

बीपीचं औषध आज सकाळी बंद. इंजेक्शन सुरू झाल्यावर दीड दिवसात अर्ध्यावर आलं होतं. साखर काल ३१०, आज १८०. मोगराताई, जंताचं औषध विचारलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?" असं डॉक्टरांनी विचारलं, पण हसून. दिलंय.

---

शंकेखोर | शुक्रवार, रात्री ९:१०

छान. पण सुधारणा पालथं झोपवल्याने की स्टेरॉइडने?

---

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ११:३०

एका माणसात हे कधीच कळत नाही, आणि कळतं असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. पालथं झोपवण्याचा पुरावा स्टेरॉइडपेक्षा जुना आहे आणि दणकट आहे: २०१३ ची फ्रेंच चाचणी, मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६. त्याला औषध लागत नाही, सहा माणसं लागतात. आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत रात्री दोन वाजता सहा माणसं आणणं हे डेक्साची पेटी आणण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. २०२१ मध्ये लोक रेमडेसिविरसाठी नागपूरला रांगा लावत होते, हजारो रुपये मोजत होते. जीव वाचवल्याचा ज्याचा पुरावा होता ते डेक्सा काही रुपयांना प्रत्येक फडताळात पडून होतं. आणि पालथं करायला माणसं नव्हती.

बीपी मात्र इतक्या झटक्यात सावरलं, ते बहुधा त्या गंजलेल्या मोटारीमुळे.

---

पेंचवाली | शनिवार, सकाळी १०:४०

मध्येच विचारते, माझ्या भाच्याला सिकलसेल आहे. छातीत दुखून ऑक्सिजन कमी झाला तर त्यालाही हेच देतात का?

---

रात्रपाळी | शनिवार, दुपारी १:१५

सिकलसेलच्या छातीच्या दुखण्यात शक्यतो टाळतात. स्टेरॉइडने आधी बरं वाटतं, थांबवलं की दुखणं उलटून येतं, मूल पुन्हा भरती होतं. तिथे ऑक्सिजन, अँटिबायोटिक, रक्त चढवणं किंवा बदलणं हे मुख्य. भाच्याचं सिकलसेलचं कार्ड कायम जवळ ठेवा, बेशुद्ध माणूस स्वतःचा आजार सांगू शकत नाही. दम्याचा झटका आला तर हिशेब वेगळा, तेव्हा डॉक्टर ठरवतील.

---

कपाशीवाला | मंगळवार, रात्री ९:३०

नळी निघाली! आज सकाळी साडेअकराला. आवाज नाही, नुसती घरघर.

मोगराताई, तुम्ही म्हणाल्या तेच. परवापासून बाबांना वॉर्डात बैल दिसत होते. आमचा गेल्या वर्षी विकलेला पांढऱ्या कपाळाचा बैल व्हेंटिलेटरच्या मागे बांधलाय म्हणे, त्याला कडबा घाला. काकांनी दोन दिवस 'घातला' असं सांगून काम चालवलं. आज ओळखलं. चष्मा लावून दिला, वार सांगितला. तर म्हणाले, मंगळवार त मंगळवार, मले काय करायचं.

पाय मात्र उचलत नाहीत. मांडी माझ्या दंडाएवढी झालीय.

---

मोगरा | मंगळवार, रात्री १०:१५

आवाज दोन-तीन दिवसांत येईल. पायांना वेळ लागेल, आजार आणि स्टेरॉइड दोन्ही स्नायू खातात. फिजिओथेरपीवाला आला की टाळू देऊ नका. अंडी चालत असतील तर द्या.

---

औषधवाला | मंगळवार, रात्री १०:४०

एक सांगतो, घरी आल्यावर गोळ्या अचानक बंद करू नका, 'बरं वाटतंय' म्हणून तर मुळीच नाही. माझ्या दुकानात दर महिन्याला कुणीतरी येतं, "ती स्टेरॉइडची आहे म्हणे, नका देऊ." अरे बाबा, आता तीच लागणार आहे!

---

कपाशीवाला | काही दिवसांनी, रविवार, सकाळी ११:०५

गावाहून लिहितोय. बाबा ओट्यावर खुर्चीत आहेत. काठी धरून संडासापर्यंत जातात.

हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या चालू आहेत, सकाळी मोठा डोस, दुपारी लहान, दर पंधरा दिवसांनी उतरवायचा. पुढच्या महिन्यात सकाळी आठला रक्तातलं कॉर्टिसॉल तपासायचं, मोटार चालू झाली का ते बघायला. ताप-उलटी झाली तर डोस दुप्पट, उलटीत गोळी टिकली नाही तर थेट दवाखाना. हे सगळं एका चिठ्ठीवर मराठीत लिहून दिलंय. काकांनी ती पांढरकवड्याला जाऊन लॅमिनेट केली आणि बाबांच्या बंडीच्या खिशात ठेवली. स्टेरॉइड नको म्हणणारे तेच काका आता घड्याळ लावून गोळी देतात.

एक विचारायचं होतं. आज सकाळी मी आत असताना बाबा आईला हळू आवाजात म्हणाले, "गुडघे लय धरले वं, ते पुडी कुठी ठेवली?"

---

रात्रपाळी | रविवार, दुपारी १२:२०

विचारणारच. डोस उतरतो तसे सांधे दुखतात आणि गुडघ्याची झीज तर पहिल्यापासून आहेच, पुडीने ती नुसती झाकली होती. सध्या पॅरासिटामॉल आणि शेक. पुढच्या ओपीडीत गुडघ्यांचा एक्स-रे काढायला सांगा, दोन वर्षांच्या स्टेरॉइडनंतर हाडंही बघायला हवीत. राहिलेल्या पुड्या फेकू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची असेल तर त्याच लागतील.

---

कपाशीवाला | रविवार, दुपारी १२:४५

आईने सगळ्या चुलीत टाकल्या होत्या. कॅलेंडरच्या मागे खोचलेली एक सापडली. ती घेऊन येतो.